कोटेशनच्या खालच्या ओळी

दिवाळी उरकली की सांगली-मिरजेच्या शोरूममधून शेतकऱ्यांना फोन सुटायला लागतात. त्यांचं पंचांग पक्कं आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागात ऑक्टोबर छाटण्या झालेल्या असतात, जानेवारीपासून द्राक्ष निघणार असतं, आणि ज्याच्या मनात 'यंदा भाड्याची गाडी नको, आपलीच घ्यायची' असं बसलंय तो संक्रांतीच्या आत गाडी दारात उभी करायला बघतो. म्हणजे गिऱ्हाईक घाईत आहे हे विकणाऱ्याला आधीच ठाऊक. अशा वेळी हातात पडणाऱ्या कोटेशनबद्दल लिहितेय.

मी विश्रामबागेत आयकर-जीएसटीचं छोटं ऑफिस चालवते. वाहतूकदार, बेदाण्याचे व्यापारी, कुपवाडचे एक-दोन बॉडीवाले हे माझे अशील. मध्यंतरी एका शोरूमचे हिशेबही काही वर्षं माझ्याकडे होते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंचे कागद पाहिलेत, आणि दोन्ही बाजूंची रडगाणीही ऐकलीत.

या वेळी गाडी घरातच होती. थोरल्या बहिणीचा मुलगा, मणेराजुरीला बाग आहे त्यांची. स्वतःचा माल पुण्याला आणि वाशीला न्यायचा, हंगाम सरला की दुसऱ्यांचा बेदाणा, खोकी, खतं, मिळेल ते भाडं मारायचं असा त्याचा बेत. एकूण वजन साडेसात टनांच्या आतली गाडी, कंपनीच्याच लोड बॉडीसकट. दाजी त्या मापाच्या कुठल्याही गाडीला '४०७'च म्हणतात, कंपनी कुठली का असेना. १९८६ साली टाटांची ती गाडी आली तेव्हा दाजी तरुण होते, त्यानंतर त्यांनी नवीन नाव शिकून घ्यायचं नाकारलंय.

भाच्यानं कोटेशनचा फोटो पाठवला आणि मागोमाग फोन. "मावशी, नव्वद हजार सोडलेत! मी मागितले पण नव्हते."

कागदावर वरती किंमत ११,५२,०००. खाली 'विशेष सवलत' ९०,०००. निव्वळ १०,६२,०००. मी कॅल्क्युलेटर काढला. जीएसटी काढून टाकला तर गाडी नऊ लाखांची. नऊ लाखांवर २८ टक्के लावले की होतात ११,५२,०००. नऊ लाखांवर १८ टक्के लावले की होतात १०,६२,०००. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि हे कोटेशन नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं. म्हणजे सरकारनं कमी केलेला कर शोरूमनं आपल्या नावावर सवलत म्हणून छापला होता. स्वतःच्या खिशातला एक रुपया सोडलेला नव्हता, आणि वर भाचा त्यांचे आभार मानून आला होता.

यात बेकायदा काही नाही, आकडा शेवटी बरोबरच होता. पण त्या नव्वद हजारांच्या आनंदात माणूस खालच्या ओळी वाचत नाही. सगळी गंमत त्या खालच्या ओळींत असते.

एक ओळ मात्र विनाकारण बदनाम होते, ती आधी बाजूला काढते. यंदा मूळ किंमतच वाढलीय ती एसीमुळे, असं सेल्समन सांगतो ते खोटं नाही. साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्या १ ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर बनल्या असतील तर त्यांच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. चैत्रात दुपारी खंबाटकीत अडकलेल्या ड्रायव्हरला विचारा, तो हा नियम करणाऱ्याचे पाय धरेल. फक्त दोन गोष्टी बघायच्या. एसी गाडीच्या किमतीत धरलेला असताना खाली ॲक्सेसरीजमध्ये पुन्हा 'एसी पॅकेज' आलेलं नाही ना. आणि गाडी नक्की कधी बनलीय. फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं. जानेवारीत नवी म्हणून घेतलेली गाडी गेल्या मे महिन्यातली निघाली, तर पाच वर्षांनी विकताना समोरचा एक वर्ष जास्तीचं धरूनच भाव करतो. जुना स्टॉक घ्यायला हरकत नाही, पण मग त्याचा भाव जुन्या स्टॉकचा पाहिजे.

आता खालच्या ओळी. भाच्याच्या कागदावर होत्या त्या अशा: आरटीओ खर्च, विमा, हँडलिंग व लॉजिस्टिक, ॲक्सेसरीज किट, वाढीव वॉरंटी, फास्टॅग, टीसीएस, आणि तळाशी बारीक अक्षरात फाइल चार्ज. मी कोटेशन बघताना एकच पेन्सिल चालवते. प्रत्येक ओळीपुढे लिहायचं, ही पावती कोण देणार? सरकार, विमा कंपनी, की हे स्वतः? सरकारी पावतीवर घासाघीस होत नाही. विम्यावर होते. आणि जिथं 'हे स्वतः' लिहावं लागतं, तिथं बोलायला बसायचं.

आरटीओ खर्च ८२,००० लिहिला होता. असा गोल आकडा दिसला की माझी पेन्सिल थांबते, कारण सरकारी पावती क्वचितच इतकी गोल येते. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना महाराष्ट्रात २०२५-२६ च्या अर्थसंकल्पापासून ७ टक्के एकरकमी कर आहे. दहा लाखांच्या गाडीला सत्तर हजार, म्हणजे मोठी रक्कम झाली ही. पूर्वी वर्षाला थोडं थोडं भरायची सवय असलेल्या जुन्या वाहतूकदारांना हा आकडा ऐकून अजून घाम फुटतो. या मोठ्या रकमेच्या आडोशाला चार-पाच हजार सहज लपतात. नोंदणीची फी, कर्जाचा बोजा चढवायची फी, या सगळ्या हजार-दीड हजाराच्या गोष्टी आहेत आणि सरकारनं ठरवलेल्या आहेत. त्याशिवाय 'पासिंगचा खर्च' म्हणून काही असेल तर विचारायचं, कसलं पासिंग? पूर्वी गाडी घेऊन माणूस आरटीओत जायचा, दिवस मोडायचा, एजंट असायचा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अधिकृत डीलरकडून विकलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओपुढे उभी करायची गरज राहिली नाही, अर्जही डीलरच करतो. गाडी जात नाही, पण तिच्या जाण्याचा खर्च काही कागदांवर अजून येतो.

आम्ही भांडलो नाही. आकडा खोडून त्या जागी 'प्रत्यक्ष पावतीप्रमाणे' एवढं लिहून घेतलं आणि खाली शिक्का. ऑनलाइन भरलेल्या कराची पावती निघतेच, अर्ज क्रमांक टाकला की वाहन पोर्टलवर घरी बसून दिसते. पावती आली ती साडेपाच हजारांनी कमी होती, आणि तो फरक परत मिळाला.

विम्याच्या ओळीवर जरा थांबायला पाहिजे, कारण तिथं लोक उलट्या बाजूनं फसतात. विम्याचे दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तोच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला तो १६,०४९ रुपये होता. त्यावरचा जीएसटीही आता १२ वरून ५ टक्के झालाय. म्हणजे 'आमच्याकडे थर्ड पार्टीत डिस्काउंट आहे' म्हणणारा थापा मारतोय, विषय संपला. खरा खेळ दुसऱ्या भागात, आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, जिथं कंपन्या आपापले दर लावतात. शोरूमनं विमा लिहिला होता ४६,५००. मी माझ्या ओळखीच्या सल्लागाराकडून गाडीची तीच किंमत धरून विमा मागवला, तो आला ३४,८०० ला.

पण थांबा, स्वस्त पॉलिसी हातात आली म्हणून नाचू नका. त्यात 'आयएमटी-२३' आहे का ते बघा. मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे भाग, बंपर, रंग यांचं नुकसान गाडी पूर्ण खलास झाल्याशिवाय मिळत नाही. आणि द्राक्षाची गाडी काय मोठ्या अपघातात सापडते रोज? मार्केट यार्डात मागं घेताना बंपर जातो, कोणाच्या तरी ट्रॉलीचा कोपरा लागून दिवा जातो. ते भरून मिळायला आयएमटी-२३ चा जादा हप्ता भरावा लागतो. मजा म्हणजे शोरूमच्या महागड्या पॉलिसीत ते नव्हतं, आणि आमच्या स्वस्तात होतं.

बाहेरचा विमा आणतो म्हटल्यावर सेल्समननं ठेवणीतलं वाक्य काढलं. "मॅडम, मग कॅशलेस मिळणार नाही बघा. आमच्या वर्कशॉपला आधी पैसे भरावे लागतील." विमा कुठल्या कंपनीचा घ्यायचा याची सक्ती डीलर करू शकत नाही. विमा नियामकानं २०१७ सालीच डीलरांसाठी नियमावली काढलेली आहे. कॅशलेस मिळतं की नाही हे त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का यावर असतं, पॉलिसी कोणाच्या टेबलावर फाडली यावर नाही. मी तिथंच विमा कंपनीच्या वेबसाइटवर गॅरेजची यादी उघडली. त्यांच्याच वर्कशॉपचं नाव होतं. मुलगा हसला. वाईट नव्हता तो, त्याला तेवढंच पाठ करून दिलं होतं.

मग आलं हँडलिंग व लॉजिस्टिक, साडेबारा हजार. यासाठी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. चहा आला. तो तरुण होता, बोलायला गोड.

"मॅडम, गाडी प्लँटवरून इथं येते. ड्रायव्हर, डिझेल, टोल, यार्डात उभी राहते, धुवायची, पुसायची. हे कोण देणार?"

"खरं आहे, कोणीतरी द्यायलाच पाहिजे," मी म्हटलं. "मग हे टॅक्स इन्व्हॉइसवर गाडीच्या खाली येईल ना? जीएसटी लावून?"

"त्याची वेगळी पावती देतो की."

"कोणाच्या नावाची?"

यावर तो भाच्याकडे बघून हसला. "दादा, मावशी वकील आहेत का?"

दाजींनी टेबलाखालून माझ्या चपलेला चप्पल लावली. दाजींना हे असलं सहन होत नाही. चहा पाजणाऱ्या माणसाला पावती विचारायची म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखं आहे असं त्यांचं मत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "अकरा लाखाची गाडी घेतोय आपण, आणि तू साडेबारा हजाराला धरून बसलीस. काय वाटलं असंल त्याला?"

आमच्या भागातली खरी अडचण ही आहे, असं माझं या कामातल्या अनुभवानंतरचं मत. माणूस पैसे भरतो ते कायदा माहीत नसतो म्हणून नव्हे. तो भरतो कारण समोरचा 'दादा' म्हणतो, पाणी विचारतो, कुठल्यातरी पाहुण्याचं नाव काढतो, आणि मग 'विश्वास नाही का आमच्यावर?' हा प्रश्न येतो. सौद्यात हे वाक्य आलं की आपला माणूस गप्प. बैल घेताना दात उघडून बघणारी माणसं आम्ही, शोरूमच्या सोफ्यावर बसल्यावर मात्र कागद उलटून बघायला लाजतो.

कंपनी सांगलीची एक्स-शोरूम किंमत काढते ती गाडी सांगलीत पोचवायचा खर्च धरूनच. मोटार वाहन कायद्यात हँडलिंग नावाची कुठली फी नाही. आणि डीलरनं दिलेल्या सेवेचे पैसे असतील तर त्यावर जीएसटीचं बिल पाहिजे. बिल मागितलं की ही ओळ सहसा विरघळते. आमचीही विरघळली. आवाज चढवावा लागला नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर माझे जुने शोरूमवाले अशील रागावतील. डीलर म्हणजे नुसता लुटारू नाही. यार्डात उभ्या गाड्या बँकेच्या पैशावर उभ्या असतात, रोज व्याज चालू असतं. कंपनीचं टार्गेट असतं, ते झालं तर इन्सेंटिव्ह, नाहीतर नाही. गाडीच्या विक्रीवर त्याला सुटणारा पैसा लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो, आणि त्यातलाच थोडा तो सवलतीत सोडतो. शेजारचा डीलर किंमत पाडतो म्हणून हाही पाडतो आणि मग ते हँडलिंगमधून वसूल करतो. मी त्यांच्या वह्या पाहिल्यात, मला हे कळतं. त्यानं नफा घेऊ नये असं मी म्हणणार नाही. घ्यावा, पण किमतीत घ्यावा, जिथं तो दिसतो आणि दोन दुकानांतला फरक काढता येतो. एकाचं कोटेशन वरून स्वस्त आणि खालून महाग, दुसऱ्याचं उलटं, अशानं सरळ धंदा करणारा डीलरच मार खातो. त्याच्या किमतीचा आकडा मोठा दिसतो आणि गिऱ्हाईक पायरी चढतच नाही.

म्हणून हँडलिंग गेल्यावर मी मॅनेजरला सरळ म्हटलं, आता खरी सवलत बोला, तुमच्या खिशातली, आणि ती इन्व्हॉइसवर लिहा. महिनाअखेर जवळ होती. त्यानं आत फोन केला, मग २२,००० कमी करून १०,४०,००० वर आणली. सीट कव्हर, मॅट, चांदीचं नाणं असलं काही फुकट नको म्हणून सांगितलं. इन्व्हॉइसवर कमी झालेला रुपया कायमचा कमी होतो. फुकटच्या वस्तूची किंमत देणारा सांगेल ती.

ॲक्सेसरीज किट १४,५०० ला 'कम्पल्सरी' होतं. कसलं कम्पल्सरी? रिफ्लेक्टर टेप आणि स्पीड गव्हर्नर कायद्यानं लागतात, पण कारखान्यातून पूर्ण बांधून आलेल्या या मापाच्या गाडीला ते असतातच. नंबर प्लेट कंपनीनंच द्यायची असते. राहिलं काय, तर मॅट, कव्हर, मडफ्लॅप आणि एक परफ्यूम. भाच्यानं कोल्हापूर रोडवरच्या दुकानातून स्वतःच्या पसंतीचं घेतलं, शिवाय आरशाला लाल-काळे गोंडे, जे कुठल्याच किटमध्ये नसतात. वाढीव वॉरंटी त्याच दिवशी घ्यायला लागत नाही हे विचारल्यावरच कळलं, ती मूळ वॉरंटी संपायच्या आत बघू म्हणून सोडली. फाइल चार्जबद्दल कोणी बोललंच नाही, तो पुढच्या प्रिंटमधून आपोआप गेला.

फास्टॅग गाडीला लावूनच मिळायला पाहिजे, १ डिसेंबर २०१७ पासून नव्या गाड्यांना तसा नियम आहे. त्यात जे घेतात त्यातला काही भाग अनामत असतो आणि काही आपल्याच खात्यात शिल्लक. ते बघून घ्या, कारण तासवडे आणि आनेवाडीला ती पहिल्याच फेरीत उपयोगी पडते.

टीसीएस बघून दाजी भडकले होते. "हे आणि काय नवीन?" १०,४०० रुपये. ही एकमेव ओळ अशी की तिच्यावर भांडू नये आणि ती विसरूही नये. दहा लाखांवरच्या गाडीवर विकणाऱ्यानं १ टक्का आयकर गोळा करून सरकारकडे भरायचा असतो, गिऱ्हाइकाच्या पॅनवर. तो आपलाच पैसा. भाच्याचं शेतीचं उत्पन्न करमुक्त, आणि बारा टनांपर्यंतची एक गाडी भाड्यानं चालवणाऱ्याला महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरून विवरण भरायची सोय आहे. वर्षाचे नव्वद हजार. त्यावर कर काय बसणार? म्हणजे विवरण भरलं की टीसीएस जसाच्या तसा परत. पण त्यासाठी विवरण भरायला लागतं, आणि कोटेशनवर पॅन नंबर बरोबर लिहिलेला लागतो. माझ्याकडे असे वाहतूकदार आलेत ज्यांचा टीसीएस ड्रायव्हर भावाच्या पॅनवर जमा झाला होता. शोधत बसा.

इथवर सगळं मिळून हँडलिंग, किट आणि विम्यातला फरक धरला तर ३८,७०० रुपये झाले. दाजीही जरा मऊ झाले. पण खरा खड्डा पुढेच होता, त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण तो कोटेशनवर नसतोच. तो कर्जात असतो.

शोरूममध्येच एका कोपऱ्यात फायनान्सवाल्याचं टेबल होतं. नऊ लाख कर्ज, चार वर्षं, 'फक्त ७ टक्के'. बँका दहाच्या पुढं सांगतात आणि हा सात म्हणतो, तर भाचा सही करायच्या बेतात. हप्ता २४,०००. मी विचारलं, सात टक्के फ्लॅट का? तो म्हणाला, "हो मॅडम, एकदम सिंपल." सिंपल खरंच आहे. नऊ लाखांवर वर्षाला ६३,०००, चार वर्षांचे २,५२,०००, मुद्दलात मिळवून अठ्ठेचाळीस हप्त्यांनी भागलं की बरोबर २४,०००. फक्त यात चौथ्या वर्षीही पूर्ण नऊ लाखांवर व्याज धरलंय, जेव्हा निम्म्याहून अधिक मुद्दल फिटलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर पावणेतेराच्या आसपास जातो. आम्हाला एका बँकेनं सव्वादहा टक्के घटत्या शिलकीवर सांगितलं होतं, हप्ता साधारण २२,९३०. महिन्याला हजार-अकराशेचा फरक. चार वर्षांत ५१ हजार. म्हणजे सात टक्क्यांचं कर्ज सव्वादहाच्या कर्जापेक्षा ५१ हजारांनी महाग, आणि हँडलिंगवरून आम्ही जे काही केलं ते सगळं त्यात बुडून वर काही उरलं असतं.

शिवाय त्या कर्जात प्रोसेसिंग फी वेगळी, एक हप्ता आधीच कापून घेणार, आणि 'लोन सुरक्षा' नावाचा जीवनविमा कर्जाच्या रकमेतच मिळवलेला. म्हणजे विम्याच्या हप्त्यावरही चार वर्षं व्याज. तो विमा घ्यायचा की नाही हे कर्जदाराच्या मर्जीवर आहे, पण फॉर्मवर तिथं आधीच बरोबरची खूण होती.

यावर एक चांगला कागद आता हातात आहे आणि लोक तो मागत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की फायनान्स कंपनी, अशा प्रत्येक नव्या कर्जाला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' द्यावं लागतं. त्यात व्याज, फी, विमा सगळं धरून वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो, आणि कागद कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत द्यायचा असतो. मराठीत मागा. त्या टेबलावरच्या मुलानं तो उद्या मेल करतो म्हणून सांगितलं. आम्ही बँकेकडे गेलो. बँकेला आठ दिवस जास्त लागले, सातबारा, आठ-अ, कोटेशन, परत कोटेशन, जामीनदाराच्या सह्या. भाचा वैतागला होता, पण गाडी संक्रांतीच्या आत आलीच.

अजून एक, भाच्याच्या बाबतीत घडलेलं नाही पण दुसऱ्या एका अशिलाच्या बाबतीत घडलंय. बुकिंगचे अकरा हजार सेल्समननं स्वतःच्या मोबाइल नंबरवर मागवले, 'शकुनाचे' म्हणून. तो मुलगा पुढच्या महिन्यात नोकरी सोडून गेला. शोरूमनं हात वर केले, आणि कागदानं बघितलं तर शोरूमचं काही चुकलेलंही नव्हतं. पैसे शोरूमच्या खात्यात, पावती शोरूमच्या नावाची, आणि कर्ज मंजूर झालं नाही तर बुकिंग परत मिळणार का हे त्याच पावतीवर लिहून.

डिलिव्हरीच्या दिवशी बहिणीनं गाडी ओवाळली, दाजींनी नारळ फोडला, एमएच-१० ची पाटी लागली. मॅनेजर केबिनमधून खाली आला, भाच्याच्या हातात किल्ली दिली, पेढा भरवला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, तुमची माणसं असतील तेव्हा आधी एक फोन करत जा. त्यांचं कोटेशन आपण वेगळं काढू."

मी काही बोलायच्या आत दाजी पुढं झाले. "बघ," ते मला म्हणाले, "शेवटी ओळखच कामाला येते." आणि त्यांनी मॅनेजरचा नंबर मोबाइलमध्ये घालून घेतला. शेजारच्या मळ्यातल्या दोघांना गाडी घ्यायचीय म्हणे.